काळी चार

प्रत्येक माणसाला जन्माबरोबर स्वतःचा एक षड्ज मिळतो, आणि तो मरेपर्यंत त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. हे वाक्य मथुराबाई भाटकरांनी बावीस वर्षं दर जूनमध्ये आठवीच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं होतं. मुलांनी ते वहीत उतरवलं होतं आणि सहामाहीला दोन गुणांसाठी जसंच्या तसं परत केलं होतं. खुद्द मथुराबाईंच्या वाट्याला कोणता षड्ज आला, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. ते विचारलं एकोणीसशे शहाऐंशीच्या ऑगस्टात, एका सोमवारी मधल्या सुट्टीत, सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नावलीच्या चौथ्या पानावरच्या तेविसाव्या प्रश्नानं. ‘आपली स्वतःची पट्टी कोणती? मुलांना कोणत्या पट्टीत गायला लावता? मुलींना कोणत्या?’ आणि पुढे तीन रेघा.

तोवरचे बावीस प्रश्न त्यांनी एका चहात संपवले होते. शाळेत चित्रपटगीतांना परवानगी आहे का? नाही. तरीही विद्यार्थी ती गातात का? हो. कोठे? सर्वत्र. मुलगे अधिक गातात की मुली? मुलगे बाकं वाजवतात, मुली गातात. असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेविसाव्याला त्यांनी तितक्याच सहज तिन्ही रेघांवर ‘काळी एक’, ‘काळी एक’, ‘काळी एक’ असं लिहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बशीतला चहा तोंडाशी धरून नुसत्या बसलो आहोत. ती तीन उत्तरं एकाखाली एक फार विचित्र दिसत होती. मुलांना कोणता बूट, मुलींना कोणता बूट, तुमचा कोणता, तर नऊ नंबर, नऊ नंबर, नऊ नंबर. समोर भूगोलाचे सर डबा खात होते. त्यांना विचारावं असं हे नव्हतं. त्यांच्या लेखी मथुराबाईंचा विषय म्हणजे पंधरा ऑगस्टला लागणारी एक वस्तू होती, झेंड्याच्या दोरीसारखी.

प्रश्नावली आणून दिली होती गुणवंती मयेकरनं, हेच खरं दुखणं होतं. एखाद्या परक्या पुणेकर संशोधकानं विचारलं असतं तर मथुराबाईंनी ‘लागू नाही’ असं लिहून कागद मिटला असता. पण गुणवंती याच शाळेची. बाप मासेमारीच्या बोटीवर तांडेल, आई बाजारात टोपली घेऊन बसणारी, आणि ही आता मुंबईला विद्यापीठात माध्यमिक शाळांतलं संगीत, सिनेमाची गाणी आणि मुलगे-मुली यांच्यातला भेद या विषयावर पीएच.डी. करत होती. सकाळी ती खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून आली, वाकून नमस्कार केला, म्हणाली, “बाई, शनिवारी येते न्यायला. मनापासून भरा हं. तेविसावा विशेष.” विशेष का, ते तिनं सांगितलं नाही. ते सांगायची गरजही नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी, शिक्षणाधिकारी यायचे होते त्या वर्षी, स्वागतगीताच्या तालमीत मथुराबाईंनी पेटी थांबवली होती, तिसऱ्या रांगेतल्या आठवीतल्या गुणवंतीकडे बोट केलं होतं आणि म्हटलं होतं, “मयेकर, तू नुसते ओठ हलव.” मुली हसल्या होत्या. गुणवंती हसली नव्हती. तिनं ओठ हलवले होते, त्या दिवशी आणि नंतर शाळा संपेपर्यंत, सगळ्या प्रार्थनांना, सगळ्या समूहगीतांना, इतक्या इमानानं की पुढे पुढे मथुराबाईच विसरून गेल्या होत्या की ही मुलगी गात नाही.

घरी जाताना आणि घरी गेल्यावरही त्या रेघा डोळ्यांपुढून हलेनात. काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून गायचं, हे त्यांनी निवडलं नव्हतं. ती त्यांना पेटीबरोबर मिळाली होती. शाळेच्या पेटीवर पहिल्या काळ्या पट्टीला लाल लाखेचा एक ठिपका होता, मसुराएवढा, आणि तो रावजी मास्तरांनी लावलेला होता. रावजी गुरव. आधी देवळात चौघडा वाजवायचे, मग शाळेत गाणं शिकवू लागले. मथुरा त्यांच्याकडे शिकली तेव्हा तिचं वय दहा असेल. भाट्याहून तरीत बसून खाडी ओलांडायची, मास्तरांच्या घरी यायचं, शाळेची पेटी तेव्हा तिथेच असायची, पाय पुसायचे, पाटावर बसायचं, मास्तरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं की आ करायचा. मास्तरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांच्यामागून जायचं म्हणजे दोनच वाटा. वरच्या सप्तकात गेलं तर अंतऱ्याला किंकाळी फुटायची, आणि खालच्यात उतरलं तर तळाच्या सुरांना नुसता वारा. किंकाळीला मास्तर म्हणायचे, “अगो, कोळीण काय हाक मारते बाजारात!” म्हणून मथुरा खालीच उतरली. हनुवटी गळ्यात रुतवून, घसा दाबून, वर्षानुवर्षं उतरत राहिली, आणि विशीला पोचेपर्यंत तिला एक आवाज मिळाला, जाडसर, गंभीर, जरा सर्दी झाल्यासारखा. लोक त्याला भारदस्त म्हणायचे. मुलाखतीत कमिटीचे अध्यक्ष म्हणाले होते, “बाईमाणूस असूनही आवाजात पोरकटपणा नाही.” नोकरी त्यावरच मिळाली. मास्तर निवृत्त झाले, पेटी मथुराबाईंकडे आली, आणि ठिपका जिथल्या तिथे राहिला, कारण देवाचा शेंदूर कोणी खरवडून काढत नाही.

आणि मुली? बावीस वर्षं मुली त्यांच्या तासाला कुरकुरल्या होत्या, खाली मान घालून, ओलं लाकूड पेटताना करतं तसा आवाज करत. प्रगतिपुस्तकात मथुराबाई लिहायच्या, ‘गायनात रस कमी’. आणि याच रस कमी असलेल्या मुली घंटा झाली की नळावर, शिवणाच्या तासाला, एस.टी.च्या थांब्यावर, फुगड्यांच्या तालमीत सिनेमाची गाणी अशी गायच्या की कौलावरचे कावळे उडावेत. सरळ, मोकळी, कोणाच्या बापाला न भिणारी. मथुराबाई खिडकीतून ओरडायच्या, “बंद करा ते सिनेमाचं!” सिनेमानं मुलींची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत होतं. ते अध्यक्षांचं आणि भूगोलाच्या सरांचंही होतं. आता अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना पहिल्यांदाच वाटलं की मुलींना त्या गाण्यांत अभिरुची वगैरे काही सापडत नसेलही. नुसती जागा सापडत असेल. पाय पसरायला. आणि मग आणखी एक गोष्ट, जी त्यांनी आजवर स्वतःलाही सांगितली नव्हती. विहिरीवर पाणी ओढताना, आजूबाजूला कोणी नसलं की, त्याही कधी कधी काहीतरी गुणगुणायच्या. ते खाली नसायचं. ते पार वर, रहाटाच्या कुरकुरीच्याही वर असायचं, आणि ते गाणं नसून काम आहे असं मानल्यामुळे त्यांनी त्याची पट्टी कधी बघितली नव्हती.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्या रावजी मास्तरांकडे गेल्या. मास्तर आता ऐंशीच्या घरात, पडवीत झोपाळ्यावर बसलेले. कानाला कमी ऐकू येत होतं, पण ते कबूल नव्हतं. हौसाकाकू, म्हणजे मास्तरांची बायको, उंबऱ्यावर कुळीथ निवडत होत्या. इकडचं तिकडचं झालं, शाळेचं छप्पर झालं, गणपतीला मुंबईहून कोण येणार ते झालं. मग मथुराबाईंनी विचारलं, “मास्तर, तुम्ही आम्हांला काळी एकमध्येच का गायला लावलंत?”

“काय?”

“काळी एक! पट्टी!”

“मग कशात लावणार? सा म्हंजे सा. त्यात बाय कोन नि बापय कोन?”

“पण ती तुमची पट्टी होती. पुरुषाची.”

मास्तरांनी झोपाळा थांबवला. मथुराबाईंना भीती वाटली की म्हातारा दुखावला. पण ते आश्चर्यानंच बघत होते.

“माजी? काळी एक माजी कदी व्हती गो? माजी पांढरी चार. देवळात मी पांढरी चारात गायचो. पार वर डोंगरात, टेंबावर ऐकू जायचा.”

“खरां हां ते,” हौसाकाकू कुळथातून मान वर न काढता म्हणाल्या. “लगीन झाला तवा काय तो आवाज! साळंत लागले नि घोगरा आवाज घेऊन घरी आले.”

“मग शाळेत काळी एक का?”

“अगो, पेटी!” मास्तर म्हणाले. “एक्कावन साली ती पेटी कुनीतरी साळंला दान दिलान. बंदरावर चार म्हयने पडलेली, खाऱ्या वाऱ्यात. कुटला सूर दाबला तरी दमेकरी खोकल्यासारका. काळी एक तेवडी धड बोलत व्हती. म्हनून तिला लाख लावली मी, इसरायला नको. फुडं दुरुस्त झाली ती पेटी. पन तवर सवय झालेली.”

“तुम्ही मला सांगितलं नाहीत कधी.”

“तू इचारलंस कदी?”

मथुराबाई उंबऱ्याखाली सांडलेले कुळीथ वेचू लागल्या. कोणी दुष्टपणा केला असता तर बरं झालं असतं, दुष्टपणाला तोंड असतं, त्याच्यावर रागावता येतं. इथे होतं काय, तर खारा वारा आणि एक धड बोलणारा सूर. त्यावर पस्तीस वर्षांतल्या मुली, मुलगे, मास्तर आणि त्या स्वतः, सगळे एखाद्या मोडक्या होडीच्या एकाच फळीवर बसावेत तसे दाटीवाटीनं बसले होते आणि त्याला परंपरा म्हणत होते. निघताना हौसाकाकूंनी पुडीत कुळीथ बांधून दिले आणि दारापाशी येऊन हळूच म्हणाल्या, “मथुरे, तुजा आवाज लहानपनी बारीक व्हता हां. चांगला व्हता. मी चुलीम्होरं बसून ऐकायचे. मंग तो गेला खंय कोनास ठाऊक.”

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्या संगीताच्या खोलीत गेल्या आणि दाराला आतून कडी घातली. संगीताची खोली म्हणजे विज्ञानाच्या अडगळीची खोली. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला मानवी सांगाडा, आणि मध्ये ऑगस्टची ओल. त्यांनी भाता सोडला आणि काळी एक टाळून एकेक पट्टी वर जायला सुरुवात केली, अनोळखी गावात एकेका घराचं दार वाजवत जावं तशी. पांढरी दोनला कोणी ओळख दिली नाही. काळी दोनला घसा जुन्या सवयीनं खाली पळाला. काळी तीनला छातीत काहीतरी सैल झालं आणि त्यांना उगाचच भीती वाटली, गर्दीत पदर ढळल्यासारखी. काळी चारवर बोट ठेवलं, आणि आवाज आपोआप त्यावर जाऊन बसला. त्यांना काहीच करावं लागलं नाही. हनुवटी वर आली. खांदे खाली आले. रोज सकाळी पावणेअकराला म्हणायची ती प्रार्थना त्यांनी म्हणायला घेतली आणि ती त्यांना माहीतच नव्हती. अंतऱ्याला जिथे बावीस वर्षं दम लागायचा तिथे नुसतं उजेडाचं मैदान होतं. आवाज बारीक होता, थोडा थरथरत होता, दहा वर्षांच्या मुलीचा आवाज पस्तीस वर्षं पेटीत घडी घालून ठेवावा आणि घडीच्या रेघांसकट बाहेर काढावा तसा. सांगाडा ऐकत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता, एक भात्यावर, एक सुरावर, म्हणून ते तसंच येऊ दिलं.

दार धाडधाड वाजलं. शिपाई बाबू.

“बाई, त्यो रेडिओ बारीक करा! हेडसरांचा डोळा लागलाय.”

“रेडिओ नाही, बाबू. मी गात होते.”

बाहेरून दार एकदा ढकलून बघितलं गेलं. मग बाबू म्हणाला, “न्हाय वो बाई. तुमचा आवाज मी वळखत न्हाय काय?”

शुक्रवारी आठवी ‘ब’चा तास. मथुराबाईंनी मुलींना उभं केलं, काळी चारचा सूर दिला आणि म्हटलं, “नळावर गाता तसं गा. पण प्रार्थना.” मुलींना वाटलं की ही काहीतरी शिक्षा आहे. पहिली ओळ त्यांनी सवयीनं कुरकुरून काढली. दुसऱ्या ओळीला मंडणगडाहून मामाकडे शिकायला आलेल्या चिमानं डोळे मिटले आणि सोडून दिला आवाज. तिच्यामागून राही, राहीमागून सगळ्या, कोंडलेल्या कोंबड्या दार उघडल्यावर बाहेर पडतात तशा. शेजारच्या वर्गातलं बीजगणित थांबलं. मुलगे आ वासून बघत होते. खंडू नावाचा एक दांडगा मुलगा उठून म्हणाला, “बाई, आमचं गळं काय तितं पोचत न्हाय. आमी काय करायचं?” “तुम्ही नुसते ओठ...” इथपर्यंत मथुराबाई बोलल्या आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “तुमची वेगळी पट्टी काढू सोमवारी. तुम्हांलाही कोणी विचारलेलं नाही.” तास संपल्यावर चिमा रेंगाळली. “बाई, हे सिनेमातल्यासारखं झालं,” ती घाबरत घाबरत म्हणाली. “झालं खरं,” मथुराबाई म्हणाल्या, आणि त्यांना त्याचा मुळीच राग आला नाही, याचं त्यांना दिवसभर नवल वाटत राहिलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुणवंती आली. रात्रभर मथुराबाईंनी जे बोलायचं ठरवलं होतं ते फार नीटनेटकं होतं, त्यात खारा वारा होता, लाखेचा ठिपका होता, शास्त्र होतं. प्रत्यक्षात त्यांनी प्रश्नावली तिच्या हातात दिली आणि एकदम म्हणाल्या, “गुणवंती, तुझ्या आवाजाला काही झालेलं नव्हतं गो. पट्टी चुकीची होती. मी मूर्ख. मी तुला ओठ हलवायला लावले.”

गुणवंती तेविसाव्या प्रश्नाकडे बघत होती. तिथे तीन ‘काळी एक’ खोडून वर बारीक अक्षरात ‘काळी चार’, ‘अजून विचारले नाही’, ‘काळी चार’ असं लिहिलेलं होतं. ती खुर्चीवर बसली.

“बाई, माझं अख्खं पहिलं प्रकरण त्यावरच आहे,” ती म्हणाली. “‘ओठ हलव’ या दोन शब्दांवर. आमच्या गाइडना ते फार आवडलं. मुलींना शाळा गप्प बसवते आणि सिनेमा गायला लावतो, पण दोन्हीकडे आवाज दुसऱ्याचाच, असं मी मांडलंय.” मग तिचं मुंबईचं मराठी अचानक गळून पडलं. “पन बाई, खरां सांगू? मी त्यानंतर गायलेच न्हाय. कदीच. न्हानीतसुद्धा न्हाय. शेजारच्या बायका भावाच्या हळदीला गात होत्या तवा मी पानी भरत बसले. माजं प्रकरण लिवून झालं, तरी मला अजून गायचंच हाय.”

पंधरा वर्षं. एका माणसाला त्यांनी पंधरा वर्षं मुकं केलं होतं, आणि ते माणूस त्यांच्यावर रागवायचं सोडून त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्यायला आलं होतं. आता या मुलीला तिचा आवाज आजच्या आज परत मिळाला पाहिजे, याहून जगात दुसरं काही महत्त्वाचं उरलं नाही. “ऊठ,” त्या म्हणाल्या. “उभी राहा. हनुवटी वर. काळी चार देते.”

“आता? नको बाई. लाज वाटते.”

“कोणाची? त्या सांगाड्याची? ऊठ.”

गुणवंती उठली. पदर खोचला, सोडला, परत खोचला. टेपरेकॉर्डर चालू करून बाकावर ठेवला, संशोधनासाठी, असं म्हणाली. मथुराबाईंनी भाता सोडला आणि लाखेच्या ठिपक्यापासून दूर, काळी चारवर बोट ठेवलं. खोलीभर सूर पसरला. त्यांना तिसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी दिसली, हलणारे ओठ दिसले, आणि त्यांनी मनातल्या मनात अगदी भाट्याच्या देवाला हात जोडले. गुणवंतीनं डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि शाळेची प्रार्थना गायली. पहिल्या शब्दाला चाचरली, मग थांबली नाही. आवाज मोठा होता, मासळीबाजार ओलांडून पलीकडे जाईल असा, आणि त्यात इतका आनंद होता की मथुराबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांचा हात मात्र पेटीवर तिच्यामागून धावू लागला. काळी पाचवर गेला, परत काळी चारवर आला, पांढरी सातवर जरा थांबला, पांढरी चारला जाऊन बघितलं. गुणवंतीचा चेहरा घामानं आणि हसण्यानं चमकत होता. “कसं, बाई?” ती म्हणाली. मथुराबाईंनी बोट परत काळी चारवर आणून ठेवलं. मग म्हणाल्या, “पुन्हा म्हण.” तिनं पुन्हा म्हटली, आणि मग न सांगताच आणखी एकदा.

गुणवंतीनं प्रार्थना एकूण तीन वेळा म्हटली. तिन्ही वेळा ती बेसूर होती.